करेंट असताना मोजलेली हवा

गच्चीवरच्या मशीनची घरघर चालू असली की माझा जीव थाऱ्यावर असायचा. ती थांबली की हातातलं काम तसंच टाकून मी मुलाकडं धावायची. तो अभ्यासाला बसलेला असो, जेवत असो, कॅरम खेळत असो, मी जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवायची आणि छातीतली शिट्टी तळहाताला लागते का ते बघायची. तो वैतागायचा. "आई, काही होत नाहीये मला, काढ तो हात!" म्हणायचा. आणि थोड्या वेळानं व्हायचंच.

लोक म्हणत, बाईला काळजीचा रोग आहे. असेल बाई. ज्याच्या पोराच्या बरगड्या श्वासाबरोबर आत ओढल्या जातात, त्याला दुसरा कुठला रोग व्हायचा?

आम्ही तेव्हा हुबळीला गोकुळ रोडच्या मागच्या अंगाला राहत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा तिथं म्हणे नुसती ज्वारीची शेतं होती. मी लग्न होऊन आले तोवर चारी बाजूंनी वर्कशॉपं उठली होती. लेथ, वेल्डिंग, रंगकाम, पंपांचे भाग ओतायच्या भट्ट्या. दोरीवरची पांढरी साडी संध्याकाळी काढली की तिच्या घडीवर बोटांचे ठसे उमटायचे. मी धारवाडची. धारवाडात थंडी होती, चिखल होता, डास तर विचारूच नका. पण श्वास घेणं ही लक्ष ठेवून करायची गोष्ट आहे हे मला गोकुळ रोडवर येईपर्यंत माहीत नव्हतं.

मुलाला शाळेत घालायच्या वेळेलाच पहिला झटका आला. डॉक्टर म्हणाले, बालदमा आहे, मोठा झाला की जाईल. कधी मोठा होणार, तेवढं मात्र सांगितलं नाही. सासूबाईंच्या मते पेरू कारणीभूत होता. पेरू बंद केला तर दही, दही बंद केलं तर माझ्या माहेरचं नाजूक रक्त. मी एकटीच म्हणत होते की ही इथली हवा आहे. माहेरी खालच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मी मराठी शाळेत शिकवत होते, तशी नोकरी धारवाडात मिळाली असती. चला उठा, जाऊ या, एवढंच माझं म्हणणं.

पण नवरा वकील. कोर्टात काय दिवे लावत असतील ते असोत, घरीही एकच पालुपद: पुरावा काय? हवा वाईट आहे म्हटलं की, पुरावा काय? साडी दाखवली तर म्हणे, साडी कशानंही मळते. "अहो, हातच्या काकणाला आरसा कशाला? पोराची छाती ऐका की!" म्हटलं तर शांतपणे म्हणाले, "छाती हा दम्याचा पुरावा आहे, हवेचा नाही." असल्या माणसाशी भांडायचं म्हणजे दगडावर डोकं आपटायचं. माणूस वाईट नव्हता हो. मुलाला झटका आला की त्याला खांद्यावर घेऊन घरभर फिरायचे, कोर्टाचे कपडे चुरगळले तरी फिकीर नसायची. पण वडिलांनी हौसेनं बांधलेलं घर, हुबळीतली वकिली, म्हातारी आई. बायकोच्या नुसत्या काळजीवर हे सगळं हलवायला ते तयार नव्हते.

अशात एक दिवस ते मशीन आलं. प्रदूषण मंडळाचे एक साहेब आणि एक तंत्रज्ञ हवा मोजायच्या मशीनसाठी गल्लीतल्या गच्च्या बघत फिरत होते. आमची गच्ची त्यांना पसंत पडली. उंची बरोबर, जवळ झाड नाही, करेंटची सोय आहे. सासूबाईंना तर आकाश ठेंगणं झालं. सरकार आपल्या घरी येणार! त्यांनी चहा केला, चुरमुऱ्यांना फोडणी दिली आणि मशीन यायच्या आधी गडी लावून सगळ्या गच्चीला चुना मारून घेतला. पाहुणा मळक्या जमिनीवर कसा बसवायचा?

पाहुणा म्हणजे छातीएवढी उंच पत्र्याची पेटी होती, वर उतरतं छप्पर. लाकडी फळीवर तिला बसवली. आठवड्यातून दोन दिवस ती चालायची आणि पिठाच्या गिरणीसारखी घरघरायची. तंत्रज्ञ मूळचे अळणावरकडचे, मराठी बोलणारे, सावकाश समजावून सांगणारे. सासूबाई त्यांना 'कागदवाले' म्हणत, कारण दर खेपेला ते पांढरा शुभ्र कागद घेऊन येत. तो कागद आधी वजन करून आणायचा, पेटीत बसवायचा, पेटीनं दिवसभर त्यातून हवा ओढायची, मग काढून पुन्हा वजन करायचं. वाढलं ते वजन धुळीचं आणि धुराचं.

"आणि मग त्या आकड्याचं काय करता?" मी विचारलं.

"आकडा बेंगळूरला जातो, तिथून दिल्लीला. देशभरातल्या शहरांचे आकडे तिथं गोळा होतात, बाई. कुणाची हवा मर्यादेबाहेर आहे ते बघतात. त्यावरून ठरतं कुठले कारखाने हलवायचे, कुठलं इंधन बंद करायचं, कुठल्या शहरातल्या दवाखान्यांकडं लक्ष द्यायचं. आकड्याशिवाय दिल्लीला काय कळणार, हुबळी म्हणून गाव आहे तेही कळणार नाही."

नवरा कोपऱ्यात पेपर वाचत होता. 'मर्यादा' हा शब्द ऐकला आणि पेपर खाली आला. "हा पुरावा," ते म्हणाले. "वर्षाची सरासरी येऊ दे. मर्यादेबाहेर निघाली तर मी स्वतः बिऱ्हाड धारवाडला हलवतो. शब्द दिला."

झालं. त्या दिवसापासून माझा सगळा जीव त्या पेटीत अडकला. देवाला दिवा लावताना मी काय मागत होते सांगू? हवा खराब निघू दे. कुठल्या आईनं असलं मागणं मागितलं असेल?

सासूबाईंचं वेगळंच. पांढरा घातलेला कागद राखी होऊन बाहेर येतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं. "बघितलंस? केवढी घाण ओढून घेतली! एवढी घाण आपल्या हवेतनं कमी झाली की नाही?"

कागदवाले कळवळून म्हणाले, "आजी, हे हवा साफ करत नाही. नुसतं मोजतं."

"मोजायला ओढायला लागते की नाही? आणि ओढलेली परत सोडता का? नाही ना? मग?"

कागदवाल्यांनी माझ्याकडं पाहिलं. सासूबाईंपाशी पुरावाही होता. मशीनच्या दिवशी ते चालू असलं की नातू बरा, मधेच बंद पडलं की खोकला सुरू. हे मीही बघत होते. मनातून हसत होते, पण घरघर थांबली की पाठीवर हात ठेवायला मीच धावत होते ना!

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. भिंतीला भिंत लागून लेथवाल्या अण्णांचं घर आणि वर्कशॉप होतं. त्यांची मुलगी माझ्या मुलाच्याच वयाची, दोन वेण्या, कायम सर्दी. तिच्या आईनं तिला मशीनच्या दिवशी आमच्या गच्चीवर पाठवायला सुरुवात केली. मग वेल्डिंगवाल्यांची दोन, मग पलीकडच्या चाळीतली. सासूबाईंनी चटई अंथरली. पोरं मशीनभोवती बसायची आणि ह्या मध्ये बसून शेंगा फोडत असायच्या, दवाखाना चालवल्याच्या थाटात. कागदवाले घाबरले. पोरं नाचली तर धूळ उडेल, आकडा बिघडेल म्हणाले. तर सासूबाईंनी पोरांना हाताची घडी घालून बसवलं. "हलायचं नाही. नाकानं ओढा, मशीनकडं तोंड करून."

खंडेनवमीला गोकुळ रोडवरचं प्रत्येक यंत्र धुऊन-पुसून झेंडू लेऊन बसलेलं असायचं. आमचं कसं मागं राहील? कुंकू, हळद, हार झाला. मग सासूबाई धुपाटणं घेऊन निघाल्या. ऊद असा भरभरून घातलेला की जिन्यात माणूस दिसेना. मी "अहो थांबा!" म्हणून मागं धावले आणि वरच्या पायरीवर पाय अडखळला. मनात आलं, ओवाळू दे की. आकडा तेवढाच वाढेल. पण कागदवाले समोरच होते, त्यांनी हात जोडून धूप खाली न्यायला लावला. त्या दिवशी सगळी वर्कशॉपं बंद, हवा अशी स्वच्छ की लांबचा डोंगर दिसत होता. कागद जवळजवळ पांढराच निघाला. मी चिडून सासूबाईंना म्हटलं, तुमच्या पूजेचं फळ बघा. त्यांना ते कौतुकच वाटलं.

वर्ष भरलं. सरासरी आली मर्यादेच्या आत. पेपरातही कोपऱ्यात चार ओळी होत्या, शहराची हवा समाधानकारक. नवऱ्यानं टोमणा मारला नाही. नुसता पेपर घडी घालून माझ्या ताटाशेजारी ठेवला. टोमणा परवडला असता.

"समाधानकारक!" मी म्हटलं. "कुणाचं समाधान झालंय त्याला आणा आणि आठ दिवस ह्या घरात झोपवा!"

"अगं, आकडा आहे तो. आकड्याला तुझ्यावर राग नाही."

मी ताटावरून उठले. त्या रागातही एक भीती होती, ती मी कुणाला बोलले नाही. आकडा खरा असेल तर? हवा चांगली असेल तर माझ्या पोराला नेमकं काय झालंय? मग कुठं पळू त्याला घेऊन?

करेंट एरवीही जायचा, पण तो उन्हाळा लोडशेडिंगचा होता. आमच्या गल्लीत घरात कुणी मराठी बोलो, कन्नड बोलो, उर्दू बोलो, करेंट गेला की सगळ्यांच्या तोंडून आरोळी एकच: "करेंट होतु!" आणि आला की "बंतु!" त्या दिवशी दुपारी मी शाळेतून नुकतीच आले होते. मशीनचा दिवस होता, पोरं वर चटईवर होती. 'होतु' झालं. घरघर खाली बसत बसत थांबली. माझा तांब्या हातातच राहिला. मग एकेक करून गल्लीतले जनरेटर सुरू झाले, शेवटी भिंतीपलीकडचा अण्णांचा. त्याची धुराची नळी आमच्या गच्चीच्या कठड्याच्या जेमतेम खाली होती. मी जिना चढून गेले तर निळसर धूर चटईवर पसरलेला, सासूबाई पदरानं दोन पोरांची नाकं दाबून बसलेल्या, "आता येईल करेंट, मग घाण ओढून घेईल मशीन" म्हणत. बाकीची पोरं हाताची घडी घालून मशीनकडं तोंड करून बसली होती. आणि माझा मुलगा पुढं वाकून, तोंड उघडं टाकून, खांदे वर करून हवा शोधत होता. ओठ जांभळे.

दम्याचा पंप तोंडात मारला, उपयोग झाला नाही. नवरा कोर्टात. मी कठड्यावरून अण्णांना हाक मारली ती हाक नव्हतीच, ओरडणं होतं. अण्णा तेलाच्या हातानंच आले, मुलाला उचललं, टेंपोत घातलं. दवाखान्यापर्यंत मी एकच गोष्ट करत होते, त्याच्या नाकाखाली बोट धरून बसले होते. तिथं ऑक्सिजन लावला, औषधाची वाफ दिली. अण्णा भिंतीला टेकून उभे होते. संध्याकाळी ओठांचा रंग परत आला तेव्हा ते बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि तोंड पुसायला लागले. घाम होता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कागदवाले कागद काढायला आले. कागद बऱ्यापैकी पांढरा होता. त्यांनी तो बाजूला ठेवला. "हा दिवस बाद, बाई."

"बाद म्हणजे?"

"मशीन ठरावीक तास चाललं नाही तर तो दिवस सरासरीत धरत नाहीत. अर्धवट आकडा दिशाभूल करतो. नियम आहे."

"म्हणजे करेंट गेलेले दिवस तुम्ही धरतच नाही?"

"जास्त वेळ गेला असेल तर नाही."

चहाचा ट्रे हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. करेंट गेला की जनरेटर लागतात. जनरेटर लागले की धूर होतो. आणि नेमकं तेव्हाच मशीन बंद पडतं, कारण त्यालाही करेंट तोच लागतो. मशीन थांबल्यामुळं पोरगा खोकत नव्हता. ज्या कारणानं मशीन थांबत होतं त्याच कारणानं पोरगा खोकत होता. सासूबाईंनी दिसलं ते बरोबर पाहिलं होतं, अर्थ उलटा लावला होता. आणि दिल्लीला जो आकडा पोहोचत होता तो करेंट असतानाच्या हुबळीचा होता. करेंट गेल्यावरची हुबळी त्यांनी बघितलेलीच नव्हती.

मी हे सगळं धडाधडा बोलून टाकलं. कागदवाले मान खाली घालून म्हणाले, "आमच्याही डोक्यात येऊन जातं, बाई. पण मशीनला करेंट लागतोच ना."

रात्री नवऱ्याला सांगितलं. "म्हणजे साक्षीदार फक्त गुन्हा नसताना हजर," म्हणाले. मला वाटलं, आता उठतील. पण लगेच: "तरी हे तुझं अनुमान झालं. तेव्हाचा आकडा कुठाय?"

आकडा हवा काय? आणते.

मी अण्णांकडं गेले. त्यांच्या जनरेटरची लाइन गल्लीत कुणाच्या बारशाला, कुणाच्या गणपतीला जायचीच. मागणं नवीन नव्हतं. पण कशासाठी मागतेय ते न सांगता मागणं माझ्यानं झालं नसतं. मी आमच्या नेहमीच्या अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत सगळं सांगितलं. ह्याच माणसानं माझं पोर उचलून नेलं होतं आणि मी त्याच्याच धुराची तक्रार घेऊन उंबऱ्यात उभी होते.

अण्णा ऐकत राहिले, मग मोठ्यानं हसले. "अक्का, माझा धूर मोजायला माझाच करेंट मागता?"

"होय, अण्णा."

"नोटीस येईल काय मला?"

"येईलही. खोटं कशाला सांगू?"

ते लेथवर हात ठेवून विचार करत राहिले. आतून त्यांची मुलगी खोकत होती. त्यांची बायको दारात आली आणि नवऱ्याला म्हणाली, "सुम्म कोड्री." नुसतं देऊन टाका. अण्णांनी मान हलवली. "बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत प्लॉट मागून केव्हापासनं बसलोय. नोटीस आली तर निदान तो तरी देतील." आणि स्वतःच वायर घेऊन भिंतीवर चढले.

कागदवाल्यांनी आधी नको-नको केलं, मग बघू या म्हणाले. पुढच्या काही खेपा मशीन करेंट गेला तरी चालत राहिलं. त्या दिवसांत मी पोरांना वर येऊ दिलं नाही, खिडक्यांना ओली फडकी लावून माझ्या मुलाला मधल्या खोलीत बसवलं आणि ऐकत राहिले. वर घरघर, पलीकडं धडधड, दोन्ही एकदम. असं पहिल्यांदाच होत होतं. कागद बाहेर आला तो तव्याच्या बुडासारखा. सासूबाई हरखल्या. "आता झाली खरी साफसफाई!" कागदवाले मात्र तो कागद दोन बोटांत धरून उभे राहिले.

मला वाटलं, जिंकले. आता हा आकडा जाईल दिल्लीला.

आठवडाभरात साहेब आले. वायर बघितली, कठड्यावरून वाकून नळी बघितली. म्हणाले, धुराच्या नळीच्या इतकं जवळ मशीन ठेवताच येत नाही. मशीननं शहराची हवा सांगायची, एका नळीची नाही. हे आकडे धरता येणार नाहीत.

"साहेब, करेंट गेला की गोकुळ रोडवर प्रत्येक आवारात एक नळी आहे," मी म्हटलं. "कुठल्या नळीपासून लांब जाऊ सांगा, तिथं जाऊन राहते."

साहेबांना राग आला नाही. उलट ओशाळल्यासारखे झाले. नियम वाचून दाखवला. नियम चुकीचा नव्हता हो, हेच तर दुखणं! करेंट गेल्यावर दिवस बाद, हाही नियम बरोबर. जवळची नळी नको, हाही बरोबर. सगळे नियम बरोबर आणि माझ्या पोराची छाती तेवढी चूक. मशीन हलवायचं ठरलं. जिथं करेंट जात नाही अशा मोठ्या, मोकळ्या आवारात.

"माझ्याच करेंटवर माझाच धूर मोजून दिला, तरी नको म्हणतात," अण्णा वायर गुंडाळत म्हणाले. त्यांना नोटीस आली नाही. प्लॉटही नाही.

मशीन न्यायला माणसं आली तेव्हा कोर्टाला सुट्टी होती, नवरा घरी होता. माणसांनी पेटी जिन्यानं उतरवली. फळी मागं राहिली होती, ती उचलायला नवरा वाकला आणि उचलून तसाच उभा राहिला.

फळीखाली पांढरा चौकोन होता. सासूबाईंनी मारून घेतलेला चुना, होता तसा. आणि त्याच्या भोवती सगळी गच्ची, जिच्यावरून आम्ही रोज ये-जा करत होतो, जिच्यावर पोरं बसवत होतो, ती काळपट राखी. रोज बघत असल्यामुळं ती आम्हाला गच्चीच्याच रंगाची वाटत होती.

"पावसानं चुना गेला असेल," ते म्हणाले. पण स्वतःलाच म्हणत होते. गुडघ्यावर बसले, खिशातला रुमाल काढला, तांब्यातल्या पाण्यात भिजवला आणि जमिनीवर घासला. रुमाल बघितला. पुन्हा दुसऱ्या जागी घासला. मग चौकोनात घासला, तिथं रुमालाला नुसता पांढरा चुना लागला. आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसापुढं मला काही बोलायची गरज नव्हती आणि मला नुसतं रडू येत होतं. ते उठले तेव्हा पांढऱ्या पँटचे दोन्ही गुडघे काळे झाले होते. त्यांनी ते झटकले नाहीत.

"तुझ्या आईला फोन लाव," म्हणाले. "खालच्या खोल्या अजून रिकाम्या आहेत का विचार."

सामान बांधताना सासूबाई कुरकुरत होत्या, पण मशीन नेल्याबद्दल नाही. "नेलं तिथल्या पोरांचं तरी बरं होईल," म्हणत होत्या. मी त्यांना समजावायचं सोडून दिलं होतं. त्यांना काय हसायचं? मशीन बसवलं म्हणजे काहीतरी केलं, असं मानणारे दिल्लीपर्यंत असतीलच.

मुलगा मात्र निघायच्या दिवशी हटून बसला. धारवाडला येत नाही म्हणाला. खूप विचारल्यावर बोलला, "तिथं मशीन नाही. मला खोकला आला तर कोण ओढून घेणार?" इतके दिवस तो हे मनात घेऊन जगत होता. मी त्याला जवळ घेतलं, नीट समजावलं. तो हो म्हणाला. पटलं नव्हतं.

धारवाडला आल्यावर काही दिवसांतच संध्याकाळी करेंट गेला. मुलानं हातातलं पुस्तक टाकलं आणि येऊन माझा पदर घट्ट धरला. माझा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला. आम्ही दोघंही ऐकत राहिलो. कुठंच काही सुरू झालं नाही. शेजारी कुणीतरी कंदील शोधत होतं, रस्त्यावरून सायकल गेली. माझ्या तळहाताखाली त्याचा श्वास वर-खाली होत होता, शिट्टी नाही, काही नाही. हळूहळू त्यानं पदर सोडला. मला वाटलं, सुटलो बाई.

मग अंधारात तो म्हणाला, "आई, अण्णांची मुलगी आता करेंट गेल्यावर कुठं बसत असेल गं?"

"दार लावून घरात बसत असेल," मी म्हटलं.

अण्णांचं घर जनरेटरच्या शेडला लागूनच होतं, हे त्यालाही ठाऊक होतं.